स्वतःच्या मेल सर्व्हरवर अँटीव्हायरस लावताय? आधी हे करून घ्या

मामांचा छापखाना आहे बडोद्यात, दांडिया बाजारच्या मागे, आणि त्यांचा मेल सर्व्हर मी सांभाळतो, पोस्टफिक्स (मेल घेतो-पाठवतो), डव्हकॉट (पेट्यांतला मेल दाखवतो) आणि क्लॅमएव्ही (अँटीव्हायरस), सगळं एका भाड्याच्या २ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या छोट्या आभासी मशीनवर. लग्नसराईत लोक कंकोतरीचा, म्हणजे लग्नपत्रिकेचा मजकूर, फोटो, पीडीएफ सगळं मेलवरच पाठवतात. मागच्या सीझनला एके दिवशी सकाळपासून मेलच येईनात. मामांचे फोनवर फोन, "अरे, गिऱ्हाईक म्हणतंय पाठवलंय, कुठे गेलं?" लॉग उघडला तर प्रत्येक मेलपुढे ४५१, सर्व्हिस अनअव्हेलेबल, ट्राय अगेन लेटर, म्हणजे तात्पुरता नकार. मेल सर्व्हर मस्त चालू होता, मेला होता तो अँटीव्हायरस, आणि त्याच्यापायी बाकी सगळं दारात अडकलं होतं.

असं का होतं ते सांगतो, कारण हे कळलं की अर्धं काम झालं. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीचा सतत चालणारा प्रोग्राम, सगळ्या व्हायरसच्या सह्या (सिग्नेचर, व्हायरस ओळखायच्या खुणा) रॅममध्ये चढवून ठेवतो, त्यालाच १ जीबीच्या वर लागतात. क्लॅमएव्हीवाले स्वतःच ३ जीबी तरी रॅम ठेवा म्हणतात ते उगीच नाही. वर फ्रेशक्लॅमने, म्हणजे सह्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रामने, नवीन सह्या आणल्या की जुन्या सोडायच्या आधी नव्या चढवतो, म्हणजे थोडा वेळ डबल रॅम, आणि छोट्या मशीनवर तेवढ्यात लिनक्स त्याला मारून टाकतं. तेव्हा पहिलं काम, क्लॅमडीच्या सेटिंगमध्ये कॉन्करंट डेटाबेस रिलोड आहे ते नो करा. नव्या सह्या चढेपर्यंत स्कॅनिंग जरा थांबतं, चालतं, मेल थोडा उशिरा येईल पण क्लॅमडी मरणार नाही. स्वॅपही द्या थोडी, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायला डिस्कवरची जागा. आणि जमत असेल तर सरळ ४ जीबीची मशीन घ्या, या बाबतीत काटकसर करू नका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. अँटीव्हायरस बंद पडला तर मेलचं काय करायचं हे तुम्ही ठरवायचं, त्याच्यावर सोडायचं नाही. पोस्टफिक्स आणि क्लॅमडीच्या मध्ये मिल्टर नावाचा प्रोग्राम असतो, तो मेल तपासायला देतो. क्लॅमएव्ही मिल्टरच्या सेटिंगच्या फाइलीत ऑनफेल असतं, ते डीफॉल्टला डिफर (नंतर या) असतं, ते ॲक्सेप्ट करा. पोस्टफिक्सच्या मेन फाइलीत मिल्टर डिफॉल्ट ॲक्शन असतं, ते टेम्पफेल (तात्पुरता नकार) असतं, तेही ॲक्सेप्ट करा. दोन्ही करा, एक करून भागत नाही, कारण एक क्लॅमडी मेल्यावर लागतं आणि दुसरं खुद्द मिल्टरच मेल्यावर. काही जण म्हणतील न तपासलेला मेल आत घ्यायचा म्हणजे धोका, माझं मत स्पष्ट आहे, छापखान्याचा दिवसभराचा मेल अडकणं हा जास्त मोठा धोका, आणि ऑफिसच्या पीसीवर दुसरं अँटीव्हायरस असतंच.

मिल्टरच्याच फाइलीत ऑनइन्फेक्टेड पण बघा, म्हणजे व्हायरस सापडला तर काय करायचं ते. डीफॉल्ट क्वारंटाइन असतं, म्हणजे मेल पोस्टफिक्सच्या होल्ड रांगेत जाऊन पडतो आणि कोणालाच कळत नाही, ना पाठवणाऱ्याला ना मामांना. तिथे रिजेक्ट लिहा, म्हणजे समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच त्याला नकार मिळतो आणि चुकून अडकलेल्या खऱ्या माणसाला लगेच समजतं. पण मेल घेऊन झाल्यावर "तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे" असं उलट पत्र कधीही पाठवू नका. व्हायरसवाल्या मेलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा खोटा असतो, २००३ला सोबिग आणि २००४ला मायडूम हे मेलवरून फिरणारे व्हायरस पसरले तेव्हा अशाच उलट पत्रांनी भलत्याच लोकांच्या पेट्या भरल्या होत्या, आणि आज असं केलंत तर तुमचाच आयपी काळ्या यादीत जाऊ शकतो.

साइजचं पण एक आहे. पोस्टफिक्स मुळात १० एमबीच्या आसपासच मेल घेतो, आणि अटॅचमेंट मेलमध्ये गेली की एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ८ एमबीचं डिझाइन पण परत जातं. आम्ही मेसेज साइज लिमिट ५० एमबी केलं. मिल्टर त्याच्या सेटिंगमधल्या मॅक्स फाइल साइजच्या वरचं तपासतच नाही हे लक्षात ठेवा. ईएक्सई, जेएस, एससीआर, एलएनके असल्या फाइली तर पोस्टफिक्सच्या माइम हेडर चेक्समध्ये (अटॅचमेंटचं नाव बघून अडवायचे नियम) सरळ नाकारा, कंकोतरीसाठी त्या कोणी पाठवत नाही. झिपच्या आतलं मात्र याला दिसत नाही, ते क्लॅमच बघतो.

आता ऑफिसचा पीसी. इथे मला सगळ्यात वाईट वाटलं होतं. तिथला मेल वाचायचा प्रोग्राम थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत ठेवतो, पीसीवरच्या अँटीव्हायरसला त्यात एक खराब मेल सापडला आणि त्याने अख्खी इनबॉक्सची फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली. खातं आयमॅपचं होतं (मेल सर्व्हरवरही राहतो) म्हणून सर्व्हरवरून सगळं परत आलं, पॉप (मेल पीसीवर उतरवून सर्व्हरवरून काढणारं) असतं तर मामांची कित्येक वर्षांची पत्रं गेली असती. म्हणून थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादात घाला, शिवाय थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये एकेक मेल वेगळा क्वारंटाइन करू द्यायची टिक आहे ती लावा. सर्टिफिकेटची एरर यायला लागली तर आधी अँटीव्हायरसचं मेल स्कॅनिंग बंद करून बघा, ते मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतं आणि आपण उगाच सर्व्हरवर चूक शोधत बसतो.

सगळं झालं की तपासा. आयकार नावाची ६८ बाइटची निरुपद्रवी टेस्ट फाइल मिळते, ती बाहेरच्या खात्यावरून स्वतःला पाठवा, ५५०चा नकार यायला हवा. काही मोठ्या मेल कंपन्या ती जाऊच देत नाहीत, मग दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवा. मग क्लॅमडी मुद्दाम बंद करा आणि एक साधा मेल पाठवा. तो इनबॉक्सात पोचला पाहिजे. नाही पोचला तर ऑनफेल परत बघा, आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली होती का तेही.