शिमग्यानंतरची भाजावळ : काडी ओढण्याआधी ढीग वेगळे करा

पालख्या देवळात परतल्या की कोकणात तरवा, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा, भाजायची घाई सुरू होते. ऐन-किंजळीच्या झाडांची कवळं, म्हणजे पानासकट फांद्या, तोडून वाळत टाकलेली असतात, शेण खाचरात पसरलेलं असतं. त्याच आठवड्यात बागेतला पातेरा (सुका पाला), नारळाच्या आगरातली चुडतं (झावळ्या), खताच्या रिकाम्या गोणी आणि फवारणीच्या बाटल्याही एकाच ढिगात जातात आणि एका काडीत सगळं उरकलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की यातलं थोडंच जाळण्याजोगं आहे.

आधी तरव्याचं बघू. भाजावळीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी ती नीट पाहिलेली नसते. शेण, कवळ, पातेरा, गवत आणि वर मातीचा पातळ थर, मग वाऱ्याच्या उलट बाजूने लावलेली आग. ती भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. वरची माती तापून तणाचं बी मरतं आणि राखेतला पालाश व चुना आपल्या आंबट जांभ्या मातीला मानवतो. मात्र शेणातला नि पाल्यातला नत्र जवळजवळ सगळा धुरातून जातो. ज्या शेणासाठी वर्षभर गोठा झाडला, त्यातली मोलाची गोष्टच हातची जाते, आणि कवळांपायी डोंगर बोडका होतो तो वेगळाच.

म्हणून यंदा सगळा तरवा भाजू नका, निम्म्यावर दुसरा मार्ग करून बघा. हेक्टरभर लावणीला सुमारे 10 गुंठे तरवा लागतो. त्यातल्या निम्म्या जागेत 1 ते 1.2 मीटर रुंद आणि 8 ते 10 सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. कुजलेलं शेणखत आत्ताच मिसळा. पाणी असेल तर एप्रिल-मे महिन्यात वाफे ओलवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीत गाडा आणि 4 ते 6 आठवडे तसंच राहू द्या. उन्हाने आतली माती इतकी तापते की बरंचसं तण तिथेच संपतं. काळं प्लास्टिक या कामाला तेवढं उपयोगी नाही. नंतर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येईल. प्लास्टिक परवडत नसेल तर वाफ्याला दोनदा पाणी देऊन तण उगवू द्या आणि पेरणीआधी खरवडून काढा.

आता जे जाळावंच, त्याबद्दल. भातगिरणीवरचं तूस जाळून काळी राख करा. चारसूत्री, म्हणजे चार नियमांच्या, भात लागवडीतलं हे पहिलं सूत्र. तरव्याला दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख पेरणीआधी वरच्या मातीत मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोपं ताठ होतात, खोडकिडीला सहज बळी पडत नाहीत. राख काळीच हवी, पांढरी नको. जुन्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडा, तो उलटा घालून आत काटक्यांचा लहान जाळ करा, धूर जायला वर नळकांडं ठेवा आणि भोवती तूस रचा. आतून बाहेर काळं होत येतं. काळेपणा वरपर्यंत आला की फावड्याने उलटा आणि पाणी मारून विझवा. इथे लोक चहाला जातात आणि परत येईपर्यंत ढीग पांढरा झालेला असतो.

आंबा-काजूच्या बागेतला पातेरा जाळू नका. आंब्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरात असतात, ती आणि खोडाची साल आगीने भाजते. पातेरा झाडाभोवतीच्या आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर लांब ठेवा म्हणजे वाळवी चढणार नाही. नारळाची सोडणं (वरची साल) आळ्यात पुरली तर ओल धरतात. आगरात खतखड्डा असेल तर तो दर दोन-तीन महिन्यांनी उलटा आणि गेंड्या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या वेचून मारा, नाहीतर खताबरोबर भुंगेही तयार होतील. रोठ्याने, म्हणजे खोड-मूळ पोखरणाऱ्या किडीने, मेलेलं काजूचं झाड मात्र मुळासकट काढा, पोखरलेलं लाकूड तिथेच जाळा. तिथे दयामाया नको.

भाजायचंच असेल तर पहाटे भाजा. दुपारी समुद्रावरचं वारं उठलं की उतारावरची आग वर धावते आणि मग ती आपल्या ताब्यात राहत नाही. मी एकदा अकराच्या सुमाराला बांधावरचं गवत पेटवलं. विझवायला हातात पानांची एक डहाळी आणि एक घागर होती. दीड तासात शेजाऱ्याची सात फळती कलमं गेली. भरपाई दिली, पण अजून बोलणं तुटकच आहे. भोवती 3 मीटरचा पट्टा मातीपर्यंत साफ करा, पाणी आणि दोन माणसं हाताशी ठेवा, निखारा पूर्ण विझेपर्यंत हलू नका. हद्दीला राखीव जंगल असेल तर वन खात्याला आधी सांगा. तिथे आग लागली तर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा होतो.

बाटल्या, गोणी, ठिबकच्या नळ्या, फाटकी जाळी यांना काडी लावूच नका. रुग्णालयाच्या कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कप्प्यात 1050 अंशांच्या आसपास उष्णता राखावी लागते, ती विषारी वायू मोडावेत म्हणून. आपल्या ढिगात ती टिकत नाही. प्लास्टिक अर्धवट जळतं, पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन हे विष तयार होतं, आणि उरलेली राख पहिल्या पावसात विहिरीकडे वाहते. घनकचरा नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळायला बंदीही आहे. औषधाची बाटली तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओता, बाटलीला भोक पाडा आणि वेगळ्या पोत्यात साठवा. ग्रामपंचायत किंवा विक्रेता कुठे गोळा करतात ते विचारा.

चुलीची आणि भाजावळीची राख दोन दिवस थंड होऊ द्या, चाळा आणि झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. आपल्याकडचा पाऊस उघड्यावरच्या राखेतला पालाश एका रात्रीत धुऊन नेतो. ती नारळाला आळ्यात घाला, पण युरियात किंवा ताज्या शेणात मिसळू नका, नत्र उडून जातो. दोन्ही द्यायचे असतील तर मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.