मसाई मारातील सफारीचा शेवटचा दिवस
केनियातल्या मसाई मारा अभयारण्याहून राजधानी नैरोबीला मोटारीने पोहोचायला साधारण पाच ते सहा तास लागतात आणि शहरातली वाहतूक कोंडी वेगळीच, त्यामुळे परतीचे विमान रात्रीचे असले तरी पहाटेची फेरी आटोपून न्याहारीनंतर लगेच निघावे. माराहून छोट्या विमानाने आल्यास ते बहुधा नैरोबीच्या विल्सन विमानतळावर उतरते, भारताचे विमान मात्र शहरातल्याच जोमो केन्याटा विमानतळावरून सुटते. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेतच ठेवावे. ते नसल्यास भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. गवतात सापडलेले पीस, हाड किंवा शिंगाचा तुकडा तिथेच राहू द्यावा, कारण परवान्याशिवाय तो बाळगणे केनियात गुन्हा आहे; मुलांना हे आधीच समजावून सांगितलेले बरे.