हौशी रेसकारचा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) कसा लावायचा?

कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेत ब्रेक टेस्टला मागणी साधी असते: वेगात या, ब्रेक मारा, चारही चाकं जाम झाली पाहिजेत आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. मागचं एक चाक फिरत राहिलं की परत या. मग रांगेत हमखास कुणीतरी पाना घेऊन पेडलपाशी वाकलेलं, बॅलन्स बार (पायाचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकला वाटून देणारी दांडी) फिरवत असतं. बार फिरवणं हे शेवटचं काम. दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कामांत असतो.

आधी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. ब्रेक ऑईल डॉट ४ चं, सीलबंद डब्यातलंच घ्या. ते हवेतला ओलावा ओढून घेतं: कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही हमी १५५ वर येते. कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली जातं, हवा वर अडकते आणि अर्धा दिवस पंप मारूनही पेडल मऊच राहतं. दोन मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑईल ढकलणारे, एक पुढच्या ब्रेकला, एक मागच्या) असतील तर पुढचं एक आणि मागचं एक निपल एकाच वेळी उघडा. एकच उघडलं की बार तिरका होतो आणि दुसऱ्या बाजूची हवा तशीच राहते. (ऑईल सांडलं तर लगेच पुसा, रंग उखडतो.)

मग पुशरॉडची, म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या रॉडची ढील. पेडल सोडल्यावर रॉड किंचित हलला पाहिजे. पहिल्या वर्षी ‘पेडल कडक हवं’ म्हणून आम्ही ढील ठेवलीच नाही. तिसऱ्या फेरीनंतर गाडी जॅकवर घेतली तर पुढची चाकं हाताने फिरेनात, डिस्क निळसर पडलेल्या. पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, ऑईल टाकीत परतायचं छिद्र बंद राहत होतं आणि तापून फुगलेलं ऑईल पॅड दाबून धरत होतं.

नवे पॅड असतील तर आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारून ते बसवा, निवू द्या.

आता बार. मधलं बेअरिंग ज्या रॉडच्या जवळ, त्या सिलिंडरला जास्त जोर. दोन रॉडमध्ये ६० मिमी अंतर असेल आणि बेअरिंग पुढच्या रॉडपासून २७ मिमीवर, तर पायाचा ५५ टक्के जोर पुढच्या सिलिंडरला, ४५ मागच्याला. गाडी स्टँडवर घ्या. एकाने पेडल सावकाश दाबायचं, दोघांनी पुढचं-मागचं चाक हाताने फिरवायचं. पुढचं आधी अडलं पाहिजे, मागचं लगेच त्यापाठोपाठ.

ट्रॅकवर मोकळ्या सरळ पट्ट्यात, हेल्मेट घालून, वेग थोडाथोडा वाढवत तपासा. बाजूला उभा असलेला माणूस चाकं बघतो. ड्रायव्हरच्या अंदाजावर मी विसंबत नाही. मागची आधी जाम होत असतील तर गाडी फिरेल, बार फिरवून जोर पुढे घ्या. मागची जामच होत नसतील तर मागे. एका वेळी अर्धाच फेरा, आणि तो वहीत लिहा. पावसात वजन पुढे कमी सरकतं, त्यामुळे बायस थोडा मागे चालतो.

जागा सापडली की चेकनट आवळा आणि नटावरून बारवर मार्करची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी गाडी पिटमध्ये आली की रेघ बघा. ती तुटलेली दिसली तर नट सरकलाय.