गिझरची खरी शक्ती कशी काढावी
२३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेला गिझर चालू असताना क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर) ८.७ अँपिअर दिसले, तर व्होल्टेजला प्रवाहाने भागून कॉइलचा रोध सुमारे २६.४ ओहम येतो आणि व्होल्टेज आणि प्रवाहाच्या गुणाकारातून २००० वॅट शक्ती मिळते. क्लॅम्प फक्त फेजच्या तारेभोवती लावावा. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र धरल्यास मीटर शून्यच दाखवतो. व्होल्टेजही त्याच वेळी मोजावे, कारण ते १९० पर्यंत उतरले, तर रोध जवळपास तोच राहून प्रवाह ७.२ अँपिअरवर येतो, शक्ती जेमतेम १३६५ वॅट उरते आणि पाणी तापायला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. पंपाच्या मोटरला मात्र हा साधा गुणाकार लागू पडत नाही. तिथे पॉवर फॅक्टरनेही (या गुणाकाराचा किती हिस्सा खरी शक्ती असतो ते सांगणारा आकडा) गुणावे लागते.