डब्लिनऐवजी ल्युसर्न

परदेशातील सत्राच्या मधल्या सुट्टीत आम्ही चार मित्रमैत्रिणींनी पॅरिस, डब्लिन आणि परत ॲमस्टरडॅम असा बेत आखला होता. आयर्लंड युरोपीय संघात आहे, तेव्हा आपला व्हिसा तेथेही चालेल, हे आम्ही गृहीतच धरले होते. विमानाच्या तिकिटासाठी पासपोर्टचा क्रमांक भरताना माझी नजर व्हिसाच्या स्टिकरवरील प्रवेशसंख्येच्या रकान्यावर गेली. तेथे ‘०१’ छापलेले होते, तर इतर तिघांच्या व्हिसावर ‘मल्ट’, म्हणजे अनेक प्रवेशांची मुभा होती.

आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आमचा व्हिसा ज्या देशांच्या गटासाठी सामाईक होता त्यात, नाही. त्यामुळे मी डब्लिनला गेलो असतो, तर माझा एकमेव प्रवेश संपला असता आणि व्हिसाची मुदत शिल्लक असूनही मला परतता आले नसते. शिवाय आयर्लंडचा वेगळा व्हिसा आम्हा चौघांनाही लागणार होता, हे तर कोणाच्या ध्यानातही आले नव्हते!

उपाय नकाशातच सापडला. स्वित्झर्लंडची स्थिती नेमकी उलट आहे: तो देश संघात नाही, पण २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणून डब्लिन वगळून आम्ही पॅरिसहून रेल्वेने बाझलमार्गे ल्युसर्न गाठले. मात्र युरोपीय संघाचा मोफत रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नसल्याने सीमा ओलांडताच माझे इंटरनेट बंद पडले, आणि आदल्या रात्री उतरवून घेतलेल्या नकाशावरच आम्ही वसतिगृह शोधले.