फौंड्रीसाठी बाहेरची वीज: ओपन ॲक्सेसचा हिशेब आणि अर्ज

इंडक्शन फर्नेसवर एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात. म्हणजे युनिटमागे रुपया वाचला, तर टनामागे सहाशेच्या आसपास. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत ओपन ॲक्सेसची चर्चा रंगते ती या आकड्यामुळे. महावितरणची तार वापरायची, वीज मात्र दुसऱ्याकडून घ्यायची. ही मुभा 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 42 ने दिली.

आधी पात्रता बघा. 6 जून 2022 च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. बिलावर करार मागणी (महावितरणकडून मंजूर करून घेतलेला कमाल भार) केव्हीएमध्ये असते, तिथे गफलत होते: 110 केव्हीए म्हणजे 0.9 पॉवर फॅक्टरला (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 99 किलोवॅट, एकाने कमी. उद्यमनगरात दोन-तीन छोटी कनेक्शनं असतील आणि ती महावितरणच्या एकाच विभागात येत असतील, तर 2023 च्या दुरुस्तीनंतर भार एकत्र धरता येतो. कॅप्टिव्ह प्रकल्पाला, म्हणजे वापरणाऱ्यांच्याच मालकीच्या प्रकल्पाला, किमान भाराची अट नाही.

आता खरा हिशेब. विक्रेता सांगतो तो दर प्रकल्पाच्या दारातला. त्यावर पारेषण शुल्क (मोठ्या वाहिन्यांचं भाडं), वहन शुल्क (महावितरणच्या तारांचं भाडं), क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी उद्योगांकडून घेतला जाणारा वाटा), लागू असेल तर अतिरिक्त अधिभार (महावितरणच्या पडून राहणाऱ्या वीज करारांचा खर्च) आणि वीज शुल्क (सरकारी कर) चढतं. वाटेतली गळती वेगळी: समजा ती एकूण 10 टक्के आहे, तर 100 युनिट पदरात पडायला 111 विकत घ्यावे लागतात. डिमांड चार्ज (करार मागणीवरचा स्थिर आकार) महावितरणला चालूच राहतो. म्हणून तुलना करताना बिलातला फक्त युनिटचा दर घ्या. एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर घेतला की बचत फुगून दिसते.

क्रॉस सबसिडी अधिभार टप्प्याटप्प्याने कमी करून संपवायचा, असं मूळ कायदा म्हणत होता. 2007 च्या दुरुस्तीत ‘संपवायचा’ गेलं, ‘कमी करायचा’ राहिलं. बाजार खुला करायचा आणि दारात जकात नाका ठेवायचा, असा हा प्रकार. निदान 2022 च्या नियमांनुसार मंजुरीच्या वर्षी असलेला अधिभार 12 वर्षांत 50 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. करारात मंजुरीचं वर्ष आणि त्या वर्षीचा दर लिहून घ्या.

हा नाका चुकवण्याचा कायदेशीर मार्ग कॅप्टिव्हचा. त्यात क्रॉस सबसिडी अधिभार नाही आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2021 च्या निकालानुसार अतिरिक्त अधिभारही नाही. अट अशी: वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के, वर्षाच्या निर्मितीतला त्यांचा वापर किमान 51 टक्के. पाच फौंड्र्यांनी सारखा वाटा घेतला तर प्रत्येकी 5.2 टक्के मालकी आणि निर्मितीच्या किमान 10.2 टक्के वापर, मालकीच्या प्रमाणात वापर, त्यात फरक 10 टक्क्यांच्या आतला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर हे प्रमाण प्रत्येकाला सांभाळावं लागतं. एकाच्या ऑर्डरी आटल्या की त्याचं प्रमाण बिघडतं, आणि कॅप्टिव्हचा दर्जा गेला तर अधिभार पूर्ण वर्षाचा लागतो. भागीदार निवडताना नातं नको, त्याचा बारा महिन्यांचा वापर बघा.

सगळ्यात जास्त पैसे वेळेच्या घोळात जातात. 1 मेगावॅट सोलर वर्षाला सुमारे 15 लाख युनिट देतो, पण सगळे उन्हात. फर्नेस रात्री चालत असेल तर ही वीज बँकिंगवर ढकलावी लागते, म्हणजे महावितरणकडे जमा ठेवून नंतर वापरावी लागते. केंद्रीय नियमांत त्याची हमी आहे ती महावितरणकडून महिन्यात घेतलेल्या विजेच्या 30 टक्क्यांएवढी. त्यामुळे आधी मीटरमधून वर्षभराची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद काढा आणि रविवारचा व सुट्टीचा दिवसाचा वापर वेगळा मांडा. प्रकल्पाचा आकार त्यावरून ठरवा. वितळण दिवसावर आणता आली तर उत्तमच. ती रात्रीच राहणार असेल तर मोठा सोलर घेऊच नका, पवन-सोलर मिश्र प्रकल्प बघा.

अर्ज ऑनलाइन. 15 दिवसांत निर्णय आला नाही तर मंजुरी गृहीत धरली जाते, पण तांत्रिक बाबी पूर्ण असतील तरच. अपुऱ्या अर्जाला या मुदतीचा आधार मिळत नाही. अर्ज अडतो तो बहुधा क्षुल्लक गोष्टींवर: बिलावर जुन्या मालकाचं नाव, थकबाकी, 15 मिनिटांची नोंद न ठेवणारं मीटर. नाव बदलायला वेळ लागतो, ते आधी उरका. पोर्टलवरची पोच तारखेसकट जपून ठेवा, मुदत मोजायला तोच पुरावा.

पहिलं बिल आलं की प्रकल्पाच्या निर्मितीची नोंद आणि बिलातली जमा युनिट शेजारी ठेवून ताडा. फरक गळतीपेक्षा जास्त दिसला तर त्याच महिन्यात लेखी तक्रार द्या.