जोडअटीचा नकार अचूक कसा लिहावा

प्रोग्रॅममधील प्रत्येक अट अखेर सत्य किंवा असत्य, म्हणजेच 1 किंवा 0, यांपैकी एका मूल्यावर येऊन थांबते, आणि गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी 1847 मध्ये मांडलेल्या विचारातून वाढलेल्या या बीजगणिताला ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तीन क्रिया पुरतात. येथील ‘किंवा’ दोन्ही बाजू सत्य असतानाही सत्यच राहते. ‘चहा किंवा कॉफी’ असे विचारताना आपल्या मनात असणारा ‘दोन्हींपैकी एकच’ हा अर्थ येथे चालत नाही.

खरी चूक नकार लिहिताना होते. ‘वय किमान 18 आणि मतदारयादीत नाव’ ही जोडअट, म्हणजे दोन अटी जोडून झालेली अट, घ्या. ती पूर्ण न करणाऱ्यांना वेगळे काढण्यासाठी ‘वय 18 पेक्षा कमी आणि यादीत नाव नाही’ असे लिहिले, तर वय पूर्ण असूनही यादीत नाव नसलेली व्यक्ती निसटते. मदुराईत 1806 मध्ये जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नियमानुसार प्रत्येक भाग उलटा करावा आणि शिवाय ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ लिहावे, म्हणजे ‘वय 18 पेक्षा कमी किंवा यादीत नाव नाही’ ही योग्य अट मिळते. ‘किमान 18’चा नकार ‘18 किंवा कमी’ असा होत नाही, याकडेही लक्ष द्यावे.

खात्रीसाठी सत्यता सारणी, म्हणजे अटींच्या सत्य-असत्याच्या सर्व शक्यता व त्यांचे निकाल दाखवणारा तक्ता, मांडावी: दोन अटींना चार ओळी लागतात, तीन अटींना आठ. सी आणि पायथॉन या भाषांत ‘आणि’ची क्रिया ‘किंवा’च्या आधी होते, तरीही कंस द्यावेतच, असे माझे आग्रहाचे मत आहे.